दोन जूनचा मुहूर्त

तुम्ही हसा, पण माझा जळफळाट अजून थांबलेला नाही. मोठ्या जाऊबाईंना एकतीस मेला मुलगा झाला. माझं सिझेरियन दुसऱ्याच दिवशी ठरलेलं. मीच अडून बसले, "दोन जूनचा मुहूर्त उत्तम आहे. गुरुजी म्हणालेत, मुलगा शाळेत सगळ्यांच्या पुढे राहील."

परवा माझ्या मुलाच्या पहिलीच्या प्रवेशाला गेले, तर शाळेचा गुजराती क्लार्क म्हणाला, "बेन, एक जूनला सहा पूर्ण पाहिजेत. तुमचा बाबो एका दिवसाने राहिला. पहिलीआधीची बालवाटिका पुन्हा. आवजो, पुढच्या वर्षी!"

जाऊबाईंच्या मुलाला पहिली मिळाली. त्या पेढे घेऊन आल्या. मी माझा पेढा परत डब्यात ठेवला.

"अगं, गुरुजींचं खरं झालं की!" त्या म्हणाल्या. "आता बालवाटिकेत सगळ्यांच्या पुढे तोच. एकदा शिकून झालंय ना!"