निल्लाच्या बुटाचा बंद

हॅलो?… कोण?… राव्दना? नाही गं, निल्ला नाही. रिस्तेन बोलतेय. त्याची बायको… दचकलीस की काय?

फोन घरी विसरून कळपाकडे गेलाय तो. कधी येईल?… मला काय विचारतेस? त्याच्याबरोबर रेनडिअर राखायला तू असतेस, मी कुठे असते?

हो, हो… बोल ना… बर्फावरची स्कूटर? परत बिघडली? आधी दिवा, मग ब्रेक. दर वेळी माझ्या नवऱ्यालाच बोलवावं लागेल अशी बरी बिघडते गं तुझी स्कूटर!

कुठे आहेस?… खिंडीत? एकटी?… वारा कुठला?… पश्चिमेचा? म्हणजे वादळ येतंय.

बरं. टोमणे नंतर मारते. झालं काय ते सांग.

खालचा रबरी पट्टा अडकलाय… पुढे सरकत नाही… जळका वास… थांब, थांब. ही घरघर कसली? इंजिन चालू आहे?… आणि हात कुठे आहे तुझा?

राव्दना! हात काढ! आधी काढ, मग बोल!

काढलास?… किल्ली फिरव. काढून खिशात घाल… सीटवर नाही, खिशात! माझ्या काकाची बोटं अशीच गेली. पट्ट्याला कळतंय होय, मधे बर्फ आहे की माणूस आहे ते?

फोन स्पीकरवर टाक नि टोपीत खोच… आता मागची स्लेज सोडव, आणि स्कूटर आडवी कलंडव. पेट्रोलचं झाकण वरच्या अंगाला… हां. चाकांत बर्फ थिजलाय? लाकडाने ठोक… अगं कुऱ्हाड कसली घेतेस? पट्टा चिरेल ना! रबराचे दाते बघ, तुटलेत का?… पट्ट्याचे लोखंडी चिमटे जागच्या जागी आहेत?…

निल्लापण अस्सं सांगतो? हो का! "माझी पद्धत" म्हणून सांगत असेल. त्याला शिकवलं कुणी? लग्नाआधी बाबांची स्कूटर मीच उघडायचे. तो नुसता पाना धरायचा, तोसुद्धा उलटा.

मागच्या चाकांच्या आसापाशी काय आहे?… कापड?… विणलेलं?

रंग सांग… लाल… पिवळा… आणि मधे? निळ्या चौकटी?

टोकाला गोंडा आहे? हिरव्या लोकरीचा?

राव्दना, तो माझ्या हातचा बंद आहे. निल्लाच्या बुटाचा, घोट्याभोवती गुंडाळायचा. हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही, तो सगळा काळ चुलीपाशी बसून विणलाय मी. मला म्हणाला, ओढ्यात पाय गेला, बंद वाहून गेला… आणि वाहत वाहत तुझ्या स्कूटरला येऊन लागला?

घोट्याचा बंद माणूस कुठे सोडतो गं? आत शिरल्यावर, चुलीसमोर. कुणाच्या चुलीसमोर सोडला?… खरं सांग… रडू नकोस, बोल.

पाडस? कुठलं पाडस?… लंगडं… स्लेजवर बांधायला दोर पुरेना… आणि त्याने तिथेच सोडला? उघड्यावर?… मग बुटात बर्फ भरून आला ना घरी! निळे पडले होते पाय. मी चोळत बसले, आणि हा आपला ओढ्याची गोष्ट सांगतोय!

पण लपवलं का माझ्यापासून?… मला घाबरतो?… तुझं नाव काढलं की मी भांडी आपटते, असं म्हणाला? तुला म्हणाला?

…आपटते. खोटं नाही ते.

आणि तू काय केलंस? पाडस उतरवून बंद स्कूटरच्या मागच्या कडीला तसाच लोंबत ठेवलास? गिळणारच पट्टा! मागे काही लोंबतं ठेवू नये, हे नाही वाटतं सांगितलं त्याने?

ओढून निघत नाही?… आसाला पीळ बसलाय. कमरेला सुरी आहे ना? काप… अगं, काप म्हणते ना! वाईट वाटतंय, कसं वाटणार नाही? माझा सगळा काळोखाचा हिवाळा गेलाय त्यात. पण तू तिथे गारठून मेलीस तर मी काय त्या बंदाकडे बघत बसू? काप!

निघाला?… एकूण एक धागा काढ. आता सरळ कर. मागचा भाग स्लेजच्या खोक्यावर टेकव, पट्टा अधांतरी राहू दे… पक्का आहे? हलवून बघ. आता किल्ली लाव. मागे उभी राहू नकोस हं, खडा उडाला तर डोळा जाईल. हळूच गॅस दे… घासतोय का कुठे? मधोमध चाललाय?… हां, ऐकू येतोय मला. बंद कर. किल्ली काढ… हो, परत काढ! पट्टा खालून ओढून बघ, फार लोंबत नाही ना?… झालं तर मग. जोड स्लेज आणि नीघ.

थांब, राव्दना… ते पाडस जगलं का?… चालतंय? बरं झालं.

ऐक. तुझ्या घरचे रंग कोणते गं?… सांग तर… एक लांबलचक बंद विणते तुझ्यासाठी. पाडस बांध, सरपण बांध, काय हवं ते बांध. माझ्या नवऱ्याचे बूट नकोत सुटायला परत… आभार कसले मानतेस? अजून आवडत नाहीस तू मला… हसतेस काय, नीघ! ढग खाली येतील.

आणि खाली पोचलीस की फोन कर… छे, या नंबरवर नाही. माझ्या नंबरवर.