तिसरी गाडी

कसबा बावड्यातल्या वॉशिंग सेंटरवर माझी स्कूटर रांगेत होती. शेजारच्या बाकड्यावर चाळिशी ओलांडलेले दोघे येऊन टेकले. बुटापासून कमरेपर्यंत नुसता चिखल.

"वीरेश, एवढा बूट ओढ की. कंबर वाकत न्हाय."

"माझी तरी कुठं वाकतीया, अंबादास."

"डोंगरातनं गाड्या घालायचं वय राह्यलं न्हाय आपलं. दुपारी जेवायला येतो म्हणून सांगितलंतं घरात. आता दिवे लागायची येळ झाली."

"वाट लई निसरडी हुती."

"वाटेचं सांगू नको. चढ संपला की तू गाडी बंद करून उभा. मी वर आलो तरी हलत नव्हतास."

"गाडी तापत हुती."

"नवी गाडी हाय ती. तापायला काय झालं तिला?"

"मग सवय म्हण. उन्मेष कायम शेवटाला असायचा. तो वर आल्याबिगर आपण कधी पुढं गेलोय?"

"उन्मेषला पंचगंगेवर आपणच खांदा दिलाय, वीरेश."

"म्हाईत हाय. पण मी उभा राह्यलो, तर तू एकदा तरी 'चल' म्हणालास का?"

"न्हाय."

"का?"

"मीबी मागंच बघत हुतो."

गाड्या धुणाऱ्यानं पाणी बंद केलं.

"पावणं, आज दोनच गाड्या? तिसरी मागनं येतीया काय?"

"व्हय," अंबादास म्हणाला. "त्याला जरा येळ लागतोय. तुम्ही ह्या धुऊन घ्या."