बारा जणांत एकटी

अमेरिकेत, आयसेलिनच्या थिएटरबाहेर तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बोलत होत्या.

“वसुधाकाकू, तुम्ही आणि जपानी हॉरर?”

“अगं नैना, माझी लेक अंतरा आहे त्यात! बेटावर अडकलेल्या बारा जणांत एकटी इंडियन.”

“मग पहिल्या दहा मिनिटांतच मरत असेल. आपल्या लोकांना तेवढाच रोल देतात.”

“काही मरत नाही! शेवटी तीच जिवंत उरते. मी तिसऱ्यांदा बघतेय.”

“सगळं जपानीत बोलते?”

“घरी फोन करते तो सीन सोडून. डायरेक्टर म्हणाला, आईशी बोलतेस तसंच बोल. दाराबाहेर भूत उभं, आणि ही मराठीत सांगते, ‘आई, मी जेवले, तू झोप.’”

“काकू, सॉलिड!”

“अख्खं थिएटर भुताला घाबरलं. मला मात्र आवाजावरून कळलं, पोरगी उपाशी आहे.”