कोटांची अदलाबदल आणि नातजावयाची जोडणी

...आणि डॉक्टरसाहेब दुसऱ्याच्याच कोटात, बाह्या कोपरापर्यंत. आता लोक नावं कुणाला ठेवणार, दुकानाला की कॉम्प्युटरला? तुम्हाला सांगते, कपडे धुऊन इस्त्री करून द्यायचं ते दुकान माझ्या नातीनं एकटीनं उभं केलं. कपड्याला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी टाचायची, कधी चूक नाही... पण नातजावई पडले कॉम्प्युटरवाले. "चिठ्ठ्या कसल्या टाचतेस? हँगरला नुसता नंबर लाव, नाव डेटाबेसमध्ये राहील." डेटाबेस म्हणजे तक्तेच तक्ते, एकात गिऱ्हाइकं, एकात कपडे, आणि त्या तक्त्यांची आपसात नाती असतात म्हणे. घरात मावससासू कोण नि आतेसासू कोण हे ज्याला अजून उमगेना, तो तक्त्यांची सोयरीक जुळवणार... दुकानाच्या वेबसाईटचा तयार सांगाडा त्या तक्त्यांना जोडायला दार लावून बसला आणि बाहेर येऊन म्हणतो कसा, "आजी, जोडणी झाली."

नातीनं चिठ्ठ्या काढल्या, नावं भरली. सकाळी दुकान उघडते तो तक्ते कोरे करकरीत. हँगर जागच्या जागी, नावं गायब. "तूच काहीतरी दाबलं असशील," हे वर. तिनं बिचारीनं घरोघर फोन करून पुन्हा भरलं, "आजी, जोडणी झाली," आणि सकाळी पुन्हा बोडकं. शेवटी निघालं काय, तर यानंच सांगाड्याला शिकवून ठेवलेलं, चालू झालास की जुने तक्ते मोड नि नवे मांड. सरावापुरती लावलेली खोड, काढायची राहिली. म्हणजे रोज सकाळी केर काढताना घरातली माणसंच उंबऱ्याबाहेर लोटायची...

तोवर वकीलबाई दारात. "माझा काळा कोट?" आता काळे कोट काय एक आहेत? नात म्हणते, "ताई, घालून बघा, खिसे चाचपा." कोट मिळाला, बाई पुन्हा फिरकल्या नाहीत. एकेक गिऱ्हाईक समोरच्या दुकानात चाललं, तशी नात रडकुंडीला आली. "अरे, दुकान बसेल माझं." तेव्हा कुठे साहेबांनी खोड काढली. कुठली? घरच्या कॉम्प्युटरमधली. दुकानातली जशीच्या तशी.

नातीनं टाचण्यांचा डबा काढला, नव्या चिठ्ठ्या करायला बसली. आणि हा मागून, "आजी, आता खरंच जोडणी झाली."

नशीब, यांचं लग्न कागदावर नोंदवलंय. त्याच्या तक्त्यात असतं, तर रोज सकाळी पोरगी बिनलग्नाची उठली असती... आता कधी कधी वाटतं, तेवढं एक त्याच्याकडे भरायला द्यायला हवं होतं.