‘थांब’ म्हणणारं वचन

शिंपीणकाकूंच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालून त्यांना अर्धा तास डोळे मिटून बसायला सांगितलं होतं. दवाखान्याच्या बाकावर कोवळं ऊन आलं होतं, पंखा संथ फिरत होता. शेजारून दोन आवाज येत होते, एका म्हाताऱ्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाचा आणि त्याच्या लेकीचा.

“बाबा, सोमवारी जहाज सुटणार. तुम्ही अजून हो म्हटलेलं नाही.”

“त्या बेटाला दुसरी सुईण मिळत नाही का?”

“तीन वर्षं मिळाली नाही. आणि सगळ्या राष्ट्रांत जा, ही प्रभूची आज्ञा चाळीस वर्षं शिकवली कुणी?”

“मीच. पण लोकांच्या पोरांना.”

“अब्राहामाला तर देवाने बापाचं घरच सोडायला सांगितलं.”

“त्या बापाला काय वाटलं, ते कुठे लिहिलेलं नाही गं.”

काकूंच्या मिटल्या डोळ्यांपुढे निळं पाणी हलत होतं, आणि त्यावर एक जहाज अगदी आवाज न करता चाललं होतं.

“आठवडाभर भिंग घेऊन पवित्र शास्त्र वाचतोय. म्हटलं, ‘थांब’ म्हणणारं एखादं वचन सापडेल.”

“सापडलं?”

“सापडलं की! पवित्र आत्मा येईपर्यंत शहर सोडू नका, असं प्रभूनेच शिष्यांना सांगितलंय.”

“मग?”

“मग काय! पुढच्याच पानावर तो आत्मा आला, थांबणं संपलं.”

“बाबा...”

“माझी लोकरीची शाल घे बरोबर. समुद्रावर वारं फार असतं.”

काकूंचा नंबर दोनदा पुकारला गेला. त्या ते जहाज पाहत डोळे मिटूनच बसून राहिल्या.