चंद्रीला चालंल अशी नळी

— चहा नको म्हणलं ना दादा. आधी त्या तिन्ही नळ्या अशा वळीनं मांडा, म्हंजी मला नीट बघता येतंय. ही पिवळी, पितळंची — बरं. ही लालसर तांब्याची. आन् ही पांढरी? चांदीची? — वरनं नुसतं चांदीचं पाणी दिलेलं व्हय, तरीच म्हणलं, चांदीची असती तर तुम्ही अशी खिळ्याला टांगून ठिवली असती काय! हसू नका की ओ. मी मुरुमवरनं पयल्या एसटीनं आलीय, घरी सांगितलंय देवीला जाते म्हणून, आन् देवळाच्या पायऱ्या अजून उतरले न्हाय, आधी तुमचं दुकान गाठलंय. देवी घेईल समजून, ती बी बाईच हाय. आता मला एकच सांगा — सॅक्सोची ही वरची वाकडी मान, तोंडाजवळची, तुम्ही नेक का काय म्हणता ती — तिला धातू कोणता पायजे? फरक पडतो का न्हाय? ऐकणाऱ्यावर हाय म्हणून सुटू नका. ऐकणारी कोण हाय ठाऊक हाय का तुम्हाला? म्हैस हाय.

व्हय, म्हैस. चंद्री म्हणतो आमी तिला. आमचे मालक बँडात सॅक्सो वाजवत्यात, मुरुमच्याच बसवराजच्या बँडात, सत्तावीस वर्सं झाली. रोज सकाळी उठलं की गोठ्यापाशी बाजंवर बसायचं आन् आधी एक सूर लावायचा — गाणं न्हाय, नुसता सूर, खालचा, घोगरा, लांबच्या लांब — आन् तो निघाला की चंद्री पान्हा सोडायची. रेडकू नको, पेंड नको, काय नको. शेजारची द्वारकाबाई म्हणायची, सिताबाई, तुझी म्हैस लई शौकीन गं. आन् दसऱ्यापासनं मान न्हाय, म्हणून सूर न्हाय, म्हणून दूध न्हाय. कुरवाळून बघितलं. मोबाइलवर दुसऱ्या कुणाचा सॅक्सो लावून बघितला — तर सरळ बादलीला लाथ! म्हणून म्हणते, चंद्रीला चालंल अशी नळी द्या.

माप? आणलंय की, बिनमापाची येईन का मी! हे बघा डब्यात. कणीक हाय. मालक शेताकडं गेल्यावर सॅक्सोच्या वरच्या भोकात घट्ट गोळा दाबला, अल्लाद वर वढला, आन् चार दिस पत्र्यावर वाळवला. थोडी कणीक आत ऱ्हायली ती काडीनं काढली — मुंग्या लागल्या व्हत्या, पर त्या बी निघाल्या. फडकं? फडकं जाऊ द्या, ते इकडं द्या माझ्याकडं, त्याचं काय न्हाय. जुनंपानं हाय.

तर धातूचं. माझ्या डोक्यात असं बसलंय बघा — पितळ म्हणलं की कल्हई आली. हिला आतनं कल्हई हाय? न्हाय? आन् माणसानं रोज तोंड लावायचं, थुंकी जायाची, मंग आतनं कळकणार न्हाय का? ताक ठिवून बघा पितळंत. बरं, तांब्याची घ्यावी, तर तांब्यात पाणी गार ऱ्हातंय, सूर बी गार पडला म्हंजी? लग्नाच्या वरातीत गार सूर घेऊन काय करायचं! आन् ही पांढरी मला दिसायला लई आवडली, खोटं कशाला बोलू, पर चांदीचं पाणी दिलेले पैंजण मी चार म्हैन्यात काळे पडताना बघितलेत. तुम्ही म्हणता तांब्याचा आवाज मऊ, चांदीचा धारदार. तुम्ही म्हणणारच, तुम्हाला तिन्ही खपवायच्या हैत.

आधीची? हरवली. आलूरला देवीच्या मिरवणुकीत वाजवाय गेले व्हते, तिथं कुठं तरी पडली. असं मालक म्हणत्यात. म्हंजी — मीच म्हणलं, आलूरला तर न्हाय ना इसरला, आन् त्यांनी धरलं ते मनात. तीनदा जाऊन आले आलूरला. घरोघरी इचारलं. पारावरच्या म्हाताऱ्यांना हातानं हवेत काढून दाखवली, अशी वाकडी, अशी अशी. तिसऱ्यांदा आले तवा चपलीचा अंगठा तुटलेला. मी भाकरी वाढली आन् दाभणानं तो अंगठा शिवून दिला. आन् बसवराज म्हणतोय, तुळशीच्या लग्नापतोर सॅक्सो चालू झाला तर झाला, न्हाय तर धुळाप्पा, तू यंदा झांज धर, त्या जागी इजंच्या पेटीवाला, क्याशोवाला पोरगा उभा करतो. झांज! ज्या माणसाच्या सुरावर नवरदेवाची घोडी पाऊल टाकती, त्यानं क्याशोच्या मागनं झांज बडवायची! त्या दिवशी मालक गोठ्यात जाऊन बसले ते दिवे लागणीपतोर उठले न्हायत.

न्हाय, मालकांला आणलं न्हाय. का म्हंजी? शेतात काम हाय त्यांला. तुम्ही असं करा दादा — तुमच्या त्या सॅक्सोला एकेक मान लावून वाजवा, मी पाठ करून बसते. नाव सांगू नका. तोच सूर, खालचा, लांब. हां — लावा.

… ही न्हाय. ही घशात अडकल्यावाणी वाटती. दुसरी घ्या.

… ही बरी हाय, पर उतावळी हाय, सूर पुरा व्हायच्या आधीच सोडती. तिसरी?

… हीच! हीच द्या! बघा, अंगावर काटा आला माझ्या. ही चांदीचीच असणार, म्हणलं न्हवतं मी — काय? पितळंची? तिन्ही येळंला? तिन्ही येळंला एकच पितळंची लावली? अहो, भल्या घरच्या बाईची अशी थट्टा करत्यात का! देवीच्या दारात दुकान मांडलंय तुम्ही! आन् मला तीन येगयेगळ्या कशा ऐकू आल्या मंग? — तुमचा दम. पयल्यांदा तुम्ही गिऱ्हाईक बसलंय म्हणून वाजवलं, दुसऱ्यांदा लवकर उरकावं म्हणून, आन् तिसऱ्यांदा मन लावून. धातूचं काय न्हाय त्यात. थोडा फरक असंल? असंल थोडा, तुमच्या कानाला. मंग एवढा जीव ह्या वितभर पितळंवर कशापायी जातोय त्यांचा, सांगा की.

इतका जीव माझ्यावर असता तर! रोज रात्री पुसायची, उशाला ठिवायची. आन् दसऱ्याच्या साफसफाईत म्या ट्रंक उघडली — माझा लग्नातला शालू, हिरवा — त्याच्या पदराचा हातभर तुकडा कापलेला! कातरीनं! कशाला? तर मानेला गुंडाळायला मऊ पायजे म्हणून! माझं डोकं फिरलं, खरंच फिरलं. आन् नेमका त्याच टायमाला मोडीवर भांडी देणारा दारात वरडला. फुटकी समई दिली, उलथनं दिलं, आन् — दिली. जाणूनबुजून दिली. नवी घागर घेतली. अर्ध्या तासानं राग उतरला तवा अनवाणी पळाले त्याच्या मागं, पर तो टेम्पोत घालून सोलापूरच्या रस्त्याला लागला व्हता. आता ती घागर मांडणीवर हाय, आन् तिच्यातलं पाणी माझ्या घशाखाली उतरत न्हाय.

हे म्या तुम्हाला का सांगितलं? तुम्ही इचारलं बी न्हवतं. बांधा ती पितळंची.

आता काय झालं? कणीक वाळून आकसती? … एवढीशी बी आकसती? मंग ढिली बसंल, हवा जाईल — मंग कागद गुंडाळून — न्हाय चालत? सॅक्सोच आणायचा? आन् मालकांला बी? घासून, त्यांच्यासमोर, वाजवून बघत बघत बसवायची? म्हंजी धातू कंचा बी चालंल, पर बसली न्हाय तर काय बी चालायचं न्हाय, असंच ना? हे आधी सांगितलं असतं तर! त्यांला आणलं तर ते इचारणार न्हायत का, तुला कशी झाली दुकानाची आठवण? मी गुपचूप उशाला ठिवणार व्हते. सापडली म्हणणार व्हते.

काय? दूध? आता किती देती? आता काय, द्वारकाबाईकडनं अर्धा लिटर इकत घेतो, दोघांचा चहा भागतोय तेवढ्यात —

…

बघताय काय असं? व्हय. चंद्री गुढीपाडव्यालाच इकली. सुरावर पान्हा सोडायची ते खरं हाय, देवीशप्पथ खरं हाय. पर दसऱ्याला ती न्हवती घरात. बादलीला लाथ म्या घातली. सकाळी उठते, चूल पेटवते, आन् कान गोठ्याकडं लागतोय, तिकडनं कायच येत न्हाय. मला करमत न्हाय. झालं समाधान? आता हसा.

न्हाय, तुम्ही नका लावू फोन. मीच लावते.

हॅलो — अहो, मी. न्हाय, देवळात न्हाय. तुळजापुरातच, वाजवायच्या दुकानात. ऐका. आधी ऐका! तुमची मान आलूरला हरवली न्हाय. ती नवी घागर हाय न्हवं मांडणीवर, तिच्यावर गेली ती. म्या मोडीत घातली. व्हय, जाणूनबुजून. पदर कापला म्हणून. … हॅलो? … हॅलो? — गप झालेत दादा. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. … हां, हाय, हाय मी, बोला. … काय? … अगं बाई! दादा, इचारतेत, तिथली पितळंची हाय का तांब्याची! एवढं म्या कबूल केलं, आन् हा बाप्या धातू इचारतोय! … पितळंची हो, पितळंची! म्या ऐकून निवडलीय. सॅक्सो घेऊन दुपारच्या एसटीनं या. आन् भाकरी शिंक्यात हाय, खाऊन निघा.

आता चहा सांगा दादा, दोन. आन् ती मान बसवून झाली की कागदात नका देऊ. हे घ्या फडकं. हिरवं, व्हय, पदराचंच. बघत काय बसलाय — तुमचं काम करा.