तो डाग मी जाऊ दिला न्हाई

माझं माहेर धावड्याकडचं. धनगराचं घर, बाप मेंढरं राखायचा, अन् कातरलेली लोकर धुवायचं काम आम्हा बहिणींवर, म्हणून लोकरीला काय सोसतं अन् काय न्हाई हे मला लहानपणापासून बराबर ठावं. लग्न होऊन जालन्यात आले, नवरा मोंढ्यात हमाली करायचा, मी धुणीभांडी. तवा मोठ्या घरांत बैठकीला गालिचे टाकायचं लई खूळ आल्तं, अन् गालिचा म्हणजे शेवटी लोकरच की. तेल सांडलं तर आधी पीठ पसरायचं, चहा सांडला तर रिठ्याचं पाणी, अन् चोळायचं न्हाई, टिपायचं. काय सांगू तुम्हाला, डागवाली मावशी म्हणूनच लोक वळखायचे मला.

तर त्या एका घरी, नाव न्हाई सांगत, नवीन सून आल्ती, सुनंदा, जिल्ह्यातल्याच आष्टीची, शेतकऱ्याची लेक. सासू अन् नवरा, तिघंच माणसं. लग्नाला दोन-तीन महिने झाले असतील, सासूनं मला बोलावलं, गालिच्यावर रुपयाएवढा लाल डाग. म्हणली पानाची पिंक पडली. त्या घरात कुणी पान खात नव्हतं. पण मी थंड पाणी अन् मीठ घेतलं, कारण रक्त त्यानंच निघतं, अन् काढून टाकलं. पुन्हा दिवाळीच्या आधी बोलावलं, डाग तळहाताएवढा, तोबी काढला. माझ्या हाताला कळलं व्हतं बघा, पर तोंडानं विचारलं न्हाई. ते अजून मला टोचतं.

तिसऱ्या खेपंला दुपारच्याला गेले तर डाग परातीएवढा. कडंनं वाळून कडक झाल्ता, मधी अजून ओला. मी इचारलं, बाई, सूनबाई कुठंय? म्हणली माहेरी गेली, तू आपलं काम कर, जल्दी, पाहुणे येणारेत. पर दारात तिच्या चपला व्हत्या. अन् आतल्या खोलीला बाहेरून कडी. मी पाणी टिपून राह्यले अन् त्या दाराआड बांगडी वाजली, एकदाच, हळू.

मी म्हणले, बाई, ह्याला गरम पाणी लागंल, चांगलं उकळतं, हंडाभर. ती न्हाणीघरात बंबाकडं गेली. मी कडी काढली. पोरगी खाली भितीला टेकून बसलेली, डोक्याला टॉवेल बांधलेला, तो पार भिजलेला. मला म्हणली, मावशी, माझ्या बापाला सांगा, उद्यापर्यंत मी ऱ्हात न्हाई. मी बरं म्हणले अन् कडी पुन्हा लावली. ती कडी लावताना माझ्या जिवाचं काय झालं, ते मलाच ठावं.

सासू पाणी घेऊन आली. तेच उकळतं पाणी मी सगळंच्या सगळं डागावर वतलं. लोकरीतलं रक्त गरम पाण्यानं शिजतं, मंग ते जन्मात निघत न्हाई. बघता बघता डाग काळपट झाला. सासू वरडली, अगं काय केलंस हे! मी म्हणले, चुकलं बाई, अन् पदर खोचून निघाले ती थेट स्टँडवर. एकटी कधी एस्टीत बसले नव्हते. दिवस मावळायच्या आत आष्टीला पोचले, बापाचं घर इचारत गेले. बाप वैरण टाकत व्हता. ऐकलं अन् पेंढी तशीच हातात धरून खाली बसला.

भाऊबंद जीप घेऊन आले, पोलीस आले. सासू म्हणली, पोरगी जिन्यावरून पडली. मंग बैठकीत एवढा डाग कशाचा, म्हणून इचारलं, तर माय म्हणली पानाची पिंक, लेक म्हणला चहा. सुनंदा वाचली, एका कानानं ऐकू येत न्हाई तेवढं. केस काही टिकली न्हाई, चार माणसांनी बसून मिटवून टाकली. तिचा नवरा माझ्या दारात येऊन म्हणला, मावशी, पुन्हा गल्लीत दिसू नको. चार घरची कामं गेली माझी.

त्यानं दुसरी केली. ही बदनापूरकडची हाय, उंच, लाजरी, हसली की पदर तोंडावर घेती. मी आता थकले, काम झेपत न्हाई, पर रोज दुपारी त्या गल्लीतून जाते अन् दारात हाक मारते, पोरी, तांब्याभर पाणी दे गं. ती येती. तिचं कपाळ बघते, हात बघते, पाणी पिते, सुखी ऱ्हाय म्हणते अन् पुढं चालू लागते. काल हाक मारली तर यायला लई वेळ लागला तिला.